व्लास्ताचं मागणं

"अगं ढवळ, ढवळ! खाली लागलं तर हंडाभर फुकट जाईल," ट्रुडे ओरडली.

व्लास्ताने दचकून लाकडी उलथणं पुन्हा फिरवायला घेतलं. अंगणात पहाटेपासून आलुबुखाराचा मुरंबा रटरटत होता. त्याला साखर लागत नाही, पण माणसं लागतात. दिवसभर हात म्हणून थांबवायचा नाही, म्हणून शेजारणींनी आळीपाळीने ढवळायचं, अशी जर्मन हद्दीलगतच्या डोंगरातल्या त्या गावाची रीत. व्लास्ता चेक, ट्रुडे जर्मन. पण हंडा एकच. चेक शाळेची झाडलोट करून व्लास्ताने एकटीने मुलगा वाढवला, तेव्हा त्याला सांभाळायला ट्रुडेच होती. यंदा मात्र ट्रुडेच्या नवऱ्याने खिडकीत हिटलरचा झेंडा लावला होता. ट्रुडे त्या खिडकीकडे पाठ करून बसली होती आणि दोघीही त्याविषयी चकार शब्द काढत नव्हत्या.

"कालची बातमी ऐकलीस ना?" शेवटी ट्रुडेलाच राहवेना. "म्युनिकला चार देशांच्या चौघा पुढाऱ्यांनी बसून मिटवलं. लढाई टळली गं! तुझा मिरेक येईल आता घरी."

"चौघं बसले, तेव्हा आमची माणसं कुठे होती?"

"बाहेर बसवली होती म्हणे. जाऊ दे ना! आमचे हे म्हणतात, हा डोंगरपट्टा मिळाला की हिटलरचं समाधान होईल. शेवटचं मागणं, असं स्वतःच्या तोंडाने बोललाय तो."

व्लास्ताने उलथणं फिरवत ठेवलं. खरं सांगायचं तर तिला आनंदच झाला होता, आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती. मागच्या महायुद्धात तिचा नवरा इटलीच्या आघाडीवर गेला तो गेलाच. आता मिरेकला टेकडीवरच्या बंकरमध्ये नेमल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता. लढाई होऊ देऊ नकोस, एवढंच ती देवाकडे मागत होती. काल रेडिओवर बातमी ऐकली आणि ती खाटेवर बसून ढसाढसा रडली. राज्य कुणाचंही येवो, शाळा कुणीतरी झाडायला हवीच की! इथेच राहायचं, मिरेकचं लग्न करायचं, असले बेतही करून झाले होते तिचे.

फाटक वाजलं. मिरेक आत आला. खांद्याला बंदूक, दाढी वाढलेली, डोळे लालबुंद.

"आलास रे बाबा!" उलथणं हंड्यात तसंच टाकून ती धावली.

"थांबायला नाही आलो, आई. मागे हटायचा हुकूम आहे. उद्या दुपारी हिटलरची फौज गावात येणार. तू निघ. जमेल तेवढं बांधून घे."

"आणि बंकर?"

"जसाच्या तसा सोडायचा. दारंसुद्धा शाबूत." तो हसला, आणि ते हसणं तिला बघवेना. "मशीनगन तेल घालून तयार होत्या गं. एक गोळी झाडली नाही आम्ही. आमचा हवालदार, एवढा दांडगा माणूस, भिंतीला डोकं टेकून रडत होता."

"ती कशाला जाईल?" ट्रुडे मध्येच म्हणाली. "मी आहे ना इथे."

"ट्रुडेमावशी, परवा तुमच्या लोकांनी आमच्या शाळेतल्या मास्तरांच्या घराच्या काचा फोडल्या, तेव्हा होतीस का तू?"

ट्रुडेची नजर त्या झेंड्याकडे गेली.

"तू जिवंत आहेस ना," व्लास्ता पुटपुटली. "मी एवढंच मागितलं होतं रे."

"माहीत आहे. म्हणून तर तुला काही बोलायला जीभ रेटत नाही." मिरेकने तोंडावरून हात फिरवला. "पण ज्याला आज फुकट मिळालं, तो उद्या मागायचा थांबेल होय? आज बंदूक तरी हातात होती, आई. उद्या लढावं लागेलच, आणि तेव्हा रिकाम्या हातांनी."

करपल्याचा वास सुटला. तिघंही तिथेच उभी होती, पण कुणाचा हात उलथण्याकडे गेला नाही.

सकाळी व्लास्ता हातगाडी ओढत निघाली. ट्रुडे पाव घेऊन फाटकापर्यंत आली आणि रडली. व्लास्ताला तिचा राग राग करायचा होता. मेलं तेही धड जमेना.

नवी हद्द ओलांडल्यावर, उरलेल्या चेक मुलखातल्या पहिल्याच गावात आनेझ्का नावाच्या शेतकरणीने तिला माजघर दिलं. बाई मनाची मोठी. तिने गरम दूध पुढे केलं, पाय शेकायला विस्तवाजवळ जागा करून दिली.

"तुमचे हाल झाले हो, ताई. पण एकदाचं मिटलं बघा," आनेझ्का म्हणाली. "आमचा धाकटाही सैन्यात आहे. सुटणार म्हणून निरोप आला काल. ऐकलं आणि मी रडतच सुटले! देवच पावला."

व्लास्ताने दुधाचा पेला खाली ठेवला. हा चेहरा तिला चांगला ठाऊक होता; परवा तो तिचाच होता. काय सांगायचं हिला? बाई, एवढ्यात हरखू नकोस, म्हणून सांगायचं?

"हद्द कुठवर आली हो?" तिने विचारलं.

"तो ओढा दिसतोय ना, त्याच्या पलीकडे. तिथवरच. आता सोडा ते गाठोडं, कपाट रिकामं केलंय तुमच्यासाठी."

"राहू द्या. पुन्हा बांधायला वेळ लागतो."

आनेझ्का आधी हसली. मग तिने ओढ्याकडे पाहिलं.