मंगळवारी बंद

चिमट्याच्या टोकाशी धरलेला स्क्रू मोहरीच्या दाण्याच्या निम्मा असेल-नसेल, पण डोळ्याला लावलेल्या भिंगातून तो एखाद्या खांबासारखा दिसत होता — त्याच्या माथ्यावरची खाच म्हणजे तर माणूस आडवा झोपेल एवढी दरी — आणि घड्याळजींना नेहमीप्रमाणे वाटलं, लहान वस्तू जवळ धरली की मोठी होते, यात लबाडी कसली. पण लोक असे, की भिंगातून मोठं दिसलं तर त्याला कारागिरी म्हणतात आणि जिभेवरून मोठं झालं तर थाप...

"अहो," खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कॉम्प्युटरसमोरून बायको म्हणाली, "तुमचा मंगळवार बंद आहे."

स्क्रू उडाला. कुठेतरी टिक् झालं. घड्याळजी खुर्चीवरून उतरले, बहात्तर वर्षांचे गुडघे एकामागून एक टेकले आणि टेबलाखाली शिरले.

"कसला मंगळवार?" तिथून त्यांनी विचारलं.

"म्युझियमचा."

पुढच्या महिन्यात दोघं परदेशी निघाले होते. लेक आणि जावई नेत होते; सगळी शहरं त्यांनी ठरवली होती, पण एक शहर बायकोने मागून घेतलं होतं — ते बंदर, बंदरावरून चढ चढून गेलं की लागणारं ते म्युझियम, आणि त्याच्या मोठ्या दालनातलं ते उंच घड्याळ. घड्याळजींचं घड्याळ. म्हणजे त्यांनी दुरुस्त केलेलं. म्हणजे, आपण दुरुस्त केलं असं त्यांनी बायकोला पंचेचाळीस वर्षं सांगितलेलं. तिथे म्हणे ऐन वेळी गेलं तर तिकीट मिळत नाही. दिवस आधी धरायचा, वेळ आधी धरायची, अर्ध्या अर्ध्या तासाने माणसं आत सोडतात. लेक म्हणाली, मी काढते तिकिटं. त्यावर बायको म्हणाली, "तू? चौतीस वर्षं रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीत मी बसले, आणि तिकीट तू काढणार?" आणि आज सकाळी अंघोळ उरकून, चष्मा पुसून, कागदावर सगळ्यांची नावं आणि वयं मांडून ती अशी बसली होती, की समोर जणू चाळीस माणसांची रांग आहे.

घड्याळजींची गोष्ट ऐकायची तर माणसाने आधी पाणी पिऊन घ्यावं, मध्ये उठू देत नसत. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर यंत्रांना तेल घालायच्या कामावर होते. जहाज त्या बंदराला लागलं, मंगळवार होता, एक दिवसाची सुट्टी मिळाली, म्युझियममध्ये गेले तर ही तोबा गर्दी, आणि गर्दीच्या मधोमध दोन पुरुष उंचीचं ते घड्याळ बंद पडलेलं. झुपकेदार मिशांचा रखवालदार ओक्साबोक्शी रडतोय. तीन देशांचे कारागीर हात टेकून बसलेत. मग हा पोरगा पुढे झाला, हिरव्या मखमली कोटातल्या एका बाईकडून केसातला काटा मागून घेतला, आत हात घातला, आणि घड्याळ चालू! बक्षीस काय हवं? तर काही नको. दुपारी बाराला, अकरा ठोके पडल्यावर, बाराव्याच्या आधी ते क्षणभर श्वास घेईल, तेवढी मुभा मी त्याला ठेवलीय, ती कुणी काढू नका. "अजून थांबतं," घड्याळजी सांगायचे. "जाऊन बघा." कुणी जाणार नाही याची खात्री असली की 'जाऊन बघा' म्हणायला काय जातं...

"मी मुद्दाम मंगळवार धरत होते," बायको सांगत होती. "म्हटलं, तुम्ही गेलात त्याच वारी जाऊ. सोमवारी रात्री पोहोचतोय, बुधवारी संध्याकाळी निघतोय, मंगळवार अख्खा मोकळा. तर तो दाबलाच जाईना. राखाडी दिसतोय. खाली लिहिलंय, उघडल्या वर्षापासून दर मंगळवारी बंद."

"उघडल्या वर्षापासून?"

"शंभरावर वर्षं झाली."

टेबलाखाली बरं असतं. चार पाय, वर छप्पर, आणि आपलं तोंड कुणाला दिसत नाही.  घड्याळजींनी विचार करायच्या आत जीभ कामाला लागली होती. आयुष्यभर ही जीभ अशीच त्यांच्या दोन पावलं पुढे चालत आली आणि त्यांनी फक्त मागून टोपी सावरत धावायचं.

"बंदच होतं!" ते गरजले. "बंद होतं म्हणून तर मला आत घेतलं. दुरुस्तीची कामं बंदच्या दिवशीच करतात. चालू दिवशी घड्याळ उघडून कोण बसेल?"

वा! स्वतःची पाठ थोपटायला टेबलाखाली जागा नव्हती, नाहीतर थोपटलीच असती. पडतं घेणं म्हणून माहीत नाही या माणसाला. भिंत आली तर भिंतीलाच दार काढतो.

"मग ती गर्दी?"

"कारागिरांची."

"आणि हिरव्या मखमली कोटातली बाई?"

"झाडलोट करायला होती."

"मखमली कोट घालून?"

"थंडी काय थंडी होती अगं!"

"पंचेचाळीस वर्षांनी झाडू आला बिचारीच्या हातात," बायको म्हणाली. "सापडला का स्क्रू?"

"शोधतोय ना. मध्ये बोलू नकोस."

स्क्रू सापडला होता. दोन फरश्यांच्या सांध्यात, गुडघ्यापासून वीतभर अंतरावर चमकत होता, आणि घड्याळजींनी त्यावर बोट ठेवून शोध चालूच ठेवला होता. मग त्यांना आठवलं, ही नोकरीत होती तेव्हा घरी येऊन सांगायची — खोटं वय सांगणारा माणूस थेट डोळ्यांत बघून सांगतो. खरं सांगणारा पिशवीत चष्मा शोधत असतो. म्हणजे आत्ता, या घटकेला, आपण अगदी खऱ्या माणसासारखे दिसत असणार. त्यांना हसू आलं. आणि हसता हसता मध्येच कुठेतरी अडकलं, दाते झिजलेल्या चाकासारखं.

कारण मंगळवार होताच.

हे त्यांच्या इतक्या वर्षांत ध्यानात आलं नव्हतं. रखवालदाराच्या मिशा दर वर्षी वाढत गेल्या, कारागीर एका देशाचे तीन देशांचे झाले, काटा एकदा तर सोन्याचा होता. पण वार कधी बदलला नाही. बदलावासा वाटलाच नाही. का? — तर तो खरा होता म्हणून. सगळ्या गोष्टीत खरी वस्तू एकच आणि नेमक्या तिनेच पकडून दिलं! लोक म्हणतात खोट्याला पाय नसतात. अहो, खोटं माझं ठणठणीत उभं होतं, पाय घसरला तो खऱ्याचा.

मंगळवार होता. चढ चढून मी गेलो तेव्हा नऊ वाजले असतील. दोन खांब, पाच पायऱ्या, आणि दार — एवढं मोठं, की त्यातून जहाजाचं बॉयलर गेलं असतं — आणि दारावर पितळी पाटी. पाटी वाचता आली नाही. मला वाटलं, उघडायची वेळ लिहिली असेल. थांबलो. धुतलेला सदरा घातला होता, बूट दुसऱ्याचे, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला. घड्याळाचं चित्र जहाजावर एका जुन्या मासिकात पाहिलं होतं आणि ते पान फाडून खिशात ठेवलं होतं. दहा वाजले. साडेदहाला एक बाई आली, हिरवा कोट — होती, ही बाईही होती! — तिने पाटी वाचली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि हाताने काहीतरी खूण केली. मला वाटलं, थांबा म्हणतेय. मी आणखी दीड तास थांबलो...

आणि मग आतून ठोके आले. त्या जाड दारामागून, पाण्याखालून आल्यासारखे. मी कान लाकडाला लावला. मोजले. अकरा पडले — आणि पुढचा येईना. म्हणजे आला, पण उशिरा. किंवा खाली बंदरात भोंगा झाला त्यात हरवला. किंवा मी श्वास धरला होता म्हणून मला लांब वाटलं. देवाशपथ सांगतो, मला माहीत नाही. संध्याकाळी जहाजावर सगळे विचारायला लागले, काय पाहिलंस, काय पाहिलंस? आता चोवीस वर्षांच्या पोराने काय सांगायचं? दार?

घड्याळजींनी बोटाखालचा स्क्रू किंचित फिरवला. मोठं मोठं ते सगळं खोटं आणि बारीकसारीक सगळं खरं. हे तर घड्याळच झालं की — स्क्रू सगळे अस्सल, फक्त दाखवत असलेली वेळ भलतीच.

"बुधवार धरते," बायको म्हणाली. "साडेअकराचं. म्हणजे बाराला आपण घड्याळापुढेच. चालेल?"

"चालेल की! न चालायला काय झालं?"

"मोठी माणसं दोन, ज्येष्ठ दोन. तुमचं वय?"

"सत्तर."

"बहात्तर. इथे खोटं वय चालत नाही."

या खिडकीनेच तर सगळं केलं. पाच नंबरची खिडकी, मागे बावीस माणसांची रांग, आणि गजांच्या आड ही — कपाळावर आठी, हातात शिक्का. कुठून आलात, एवढंच तिने विचारलं होतं, तेही फॉर्मवर रकाना चुकला होता म्हणून. आणि घड्याळजींनी तिथे उभ्या उभ्या तिला बंदर सांगितलं, चढ सांगितला, घड्याळ सांगितलं. मागचे ओरडायला लागले, मग ओरडायचे थांबले, मग ऐकायला पुढे सरकले. अकरा ठोके पडले, घड्याळजी म्हणाले, आणि... तिचा शिक्का हवेत राहिला. खाली आलाच नाही. तो वर राहिलेला हात त्यांनी पाहिला आणि त्यांना कळलं, आपल्याला या जन्मात दुसरं काही नको. त्या अर्ध्या क्षणावर पुढचा सगळा संसार उभा राहिला — दुकान, लेक, दोन आजारपणं, तीन भाड्याची घरं — आणि आजवर कधी हलला नाही. पण आजवर त्याच्या पायाखाली बघायला कुणी वाकलंही नव्हतं. बुधवारी दुपारी बाराला ती त्या घड्याळापुढे उभी राहणार. जावयाने आपल्या अख्ख्या ऑफिसला सांगून ठेवलंय, त्याचं सोडा. तो माणूस फोटो काढण्यात गुंतेल. हिचं काय? अकरा पडतील, आणि बारावा जर सरळ, बाकीच्यांसारखाच, बिनश्वासाचा पडला —

तर सांगू की मधल्या काळात कुणीतरी गाढवाने दुरुस्त केलं! जीभ लगेच म्हणाली. आता काढली ना मुभा, आजकालच्या कारागिरांना कदर कुठे आहे! तयार होतं उत्तर. नेहमीसारखं चोख, तेल घातलेलं. घड्याळजींनी ते मनात दोनदा चालवून पाहिलं; कुठेही अडलं नाही. आणि तरी ते वापरावंसं वाटेना, याचं त्यांना नवल वाटलं.

"एक चौकट आलीय," बायको म्हणाली. "काही विशेष कळवायचं असल्यास लिहा, म्हणतात. मी लिहिलंय. वाचू?"

"काय लिहिलंस?"

"माझ्या यजमानांनी तरुणपणी तुमचं दालनातलं मोठं घड्याळ दुरुस्त केलं होतं, मंगळवारी, बंदच्या दिवशी." ती थांबली. "बंदच्या दिवशी हे आत्ताच घातलं. त्यांना ते जवळून पाहायची परवानगी द्यावी. बाराव्या ठोक्याआधी ते थांबतं का, तेही कृपया कळवावं."

"ते कशाला?"

"विचारायला काय जातं? नाहीतरी त्यांची वहीबिही असेलच, कुणी कधी दुरुस्त केलं त्याची. बरं, लवकर सांगा, वर आकडे उलटे चाललेत. चार मिनिटांत पाठवलं नाही तर तिकिटं सुटतात. पुन्हा रांगेत."

घड्याळजी टेबलाखालून बाहेर आले. स्क्रू तळहातावर घेऊन उभे राहिले. स्क्रीनच्या उजेडात तिचा चेहरा खिडकीतल्यासारखाच दिसत होता, आठीसकट. तर्जनी बटणावर रोखलेली, टेकलेली नाही. ती त्यांच्याकडे बघत होती. खिडकीमागून बघायची तसंच — आणि त्या बघण्यात नेमकं काय आहे, माहीत आहे की माहीत नाही, हे गेल्या पंचेचाळीस वर्षांत त्यांना कधी उघडून बघता आलं नव्हतं. शहरातली सगळी घड्याळं उघडली या हातांनी.

"पाठवू का?"

दारावरच्या भिंतीवरच्या घड्याळाने घसा खाकरल्यासारखं केलं आणि बाराचे ठोके द्यायला सुरुवात केली. घरचं घड्याळ, त्याला कुठली मुभा नव्हती, रोज चोख वाजायचं. दोन. तीन. घड्याळजींना ते दार आठवलं, गालाला लागलेलं लाकूड आठवलं, थंडगार, वार्निशच्या वासाचं, आणि आपण आयुष्यात पहिल्यांदाच आत जाणार आहोत हे त्यांना आत्ता, या क्षणी कळलं. पाच. सहा. भीती वाटायला हवी होती. पण आत जे हललं ते भीतीसारखं नव्हतं. रांगेत उभं राहून खिडकी जवळ येताना जे होतं, तसं काहीतरी. आठ. मला खरंच ऐकायचंय ते. थांबतं का. नऊ. सांगावं? — की दार तर फार सुंदर होतं, अगं, तुला दाराचं कधी सांगितलंच नाही... दहा. जीभ पुढे सरसावली, आणि या वेळी घड्याळजी तिच्या मागे धावले नाहीत. जागच्या जागी उभे राहून वाट बघू लागले, की बघू तरी आता काय निघतंय.

अकरा पडले.

बायकोचं बोट हवेत होतं.