अर्ध्या उत्तरावर मी बाहेर पडलो

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे, ही गोष्ट मला अगदी अलीकडे कळली. 'जुना' हा शब्द माझ्याबद्दल पहिल्यांदा गार्थने उच्चारला, तोही तोंडात सॉसेजचा घास असताना. मी बसल्या जागी हादरलो. पाच वर्षे म्हणजे काय वय झाले? या घरातला फ्रिज वीस वर्षांचा आहे. रोज पहाटे तो म्हशीसारखा हंबरतो, पण त्याला कुणी एक शब्द बोलत नाही.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातल्या मँड्युरा गावी, याच घरात, जेवणाच्या टेबलावर झाला. गार्थ उत्तरेकडच्या लोखंडाच्या खाणीत घराएवढा ट्रक चालवतो. दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. विमानाने जातो आणि विमानाने येतो. टॅम्झिन ही त्याची एकुलती एक मुलगी. ती तेव्हा आठ वर्षांची होती. तिची आई वेगळी होऊन क्वीन्सलंडला गेली होती आणि पोरीला सांभाळायला गार्थची आई, ड्युलसी आजी, नुकतीच राहायला आली होती. बापाने भाग जोडले, लेकीने स्क्रू पिळले आणि आजीने, "घराला आग लागली तर मी आधीच सांगितलं होतं," असे आधीच सांगून ठेवले. मग माझ्यात वीज शिरली. पंखे फिरले, निळे दिवे लागले आणि त्या दोघांनी अशी आरोळी ठोकली की शेजारचा कुत्रा कुंपणाखालून पळून गेला.

माझी उमेदीची वर्षे फार सुखाची गेली. बापलेकीने एका गेममध्ये समुद्रकाठी एक गाव वसवले. गार्थ घरी आला की माझ्यापुढे दोन खुर्च्या लागत. तो पूल बांधायचा, पूल पडायचा. टॅम्झिन तो पुन्हा बांधायची. "आमचा राक्षस बघ कसा पळतोय!" असे म्हणून गार्थ माझ्या डोक्यावर थाप मारायचा. उरलेले दोन आठवडे एकच खुर्ची लागे. शाळेतून आली की टॅम्झिन थोडा वेळ तरी त्या गावात जाऊन येई. आजारी असली तरी जाई.

पुढे नवे गेम आले. ते उघडताना मला धाप लागू लागली. उन्हाळ्यात माझ्यात मुंग्या शिरल्या आणि माझ्या वीजपेटीत एका पालीने संसार थाटला. पंखा पुसायचे कुणाच्या मनात आले नाही. मीही बोललो नाही. बोलता येत नव्हते, हेही एक कारण होते.

आणि मग तो सॉसेजचा घास आला.

"हा आता जुना झाला," गार्थ म्हणाला. "गेमचा कन्सोल घेऊ. टीव्हीखाली ठेवायचा, बटण दाबायचं, खेळायचं. मी घरी असतो सात दिवस. त्यातले दोन याची समजूत काढण्यात जातात."

"याचं ग्राफिक्स कार्ड बदल, पळेल की," टॅम्झिन म्हणाली.

"कार्ड बदललं की वीजपेटी बदला. वीजपेटी बदलली की मदरबोर्ड बदला. शेवटी जुना राहतो फक्त वरचा स्टिकर."

"माझ्या गुडघ्याचं तेच झालं," आजी म्हणाली. "पण गुडघ्याऐवजी कन्सोल घ्या, असं नाही म्हणाला डॉक्टर."

"आणि आपलं गाव?" टॅम्झिनने विचारले.

"नवीन बांधू की! या वेळी पूलसुद्धा नीट बांधतो, बघ."

टॅम्झिन ताट तसेच ठेवून उठली. गार्थ आजीकडे बघत राहिला. "आता मी काय म्हटलं?"

मित्रांनो, मला त्या माणसाची कीव आली. ते गाव जगात एकाच ठिकाणी होते, माझ्या डिस्कवर. त्याची दुसरी प्रत नव्हती आणि त्यातली एक वीटही कन्सोलवर नेता येत नव्हती. मी गेलो तर गाव गेले. ते टॅम्झिनला किती लागेल हे बापाला माहीत नव्हते आणि ती सांगतही नव्हती. "पुढच्या खेपेला ठरवू," असे म्हणून गार्थ खाणीवर निघून गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात अडगळ काढायचे दिवस आले. त्या दिवसांत आमच्या गल्लीत जो तो नको असलेले सामान दारापुढच्या गवताच्या पट्टीवर आणून ठेवतो. ज्याला जे हवे ते त्याने न्यावे. उरलेले नगरपालिकेचा ट्रक उचलतो आणि तिथल्या तिथे चिरडतो. ड्युलसी आजीचा हा सगळ्यात आवडता सण. नाताळातसुद्धा ती इतकी ताजीतवानी नसते. गंजकी शेगडी बाहेर गेली, फाटके ट्रँपोलिन गेले आणि मग आजी कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभी राहिली. तिने गार्थला फोन लावला. तो जेवायच्या सुट्टीवर होता.

"अरे, त्या काळ्या खोक्याचं काय करू? कन्सोल येणारच आहे, तर बाहेर काढू का?"

"हो..." गार्थचा आवाज आला आणि फोन तुटला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडची माणसे नकारसुद्धा होकाराने सुरू करतात. "हो, नाही," म्हणाली की समजायचे नाही. "नाही, हो," म्हणाली की समजायचे हो. शेवटचा शब्द तेवढा खरा, आधीचा शिष्टाचाराचा. माझ्यासारख्या एक आणि शून्यावर जगणाऱ्या जिवाचा या भाषेने पाच वर्षे छळ केला आहे. पण ड्युलसी आजी एकाहत्तर वर्षे हीच भाषा बोलत आली होती. तिने तरी पुढच्या शब्दाची वाट बघायची! पण सणाची घाई. तिने माझ्या तारा उपटल्या आणि मला भर उन्हात शेगडीशेजारी नेऊन ठेवले.

मित्रांनो, मी तोवर आकाश पाहिले नव्हते. ते इतके मोठे असते आणि त्याला पंखा नसतो, हे पाहून मी सुन्न झालो. एका मॅगपाय पक्ष्याने येऊन माझ्या झाकणावर चोच मारून पाहिली आणि नापसंती दाखवून तो उडाला. मग एक बाई आली. "अगं बाई, बिचारा!" असे म्हणत तिने माझी बाजूची काच काढली आणि टोमॅटोच्या रोपांवर झाकायला घेऊन गेली. माझी आतडी अशी रस्त्यावर उघडी पडली.

मग पलीकडच्या गल्लीतला क्लेम आला. या दिवसांत तो गाडीला ट्रेलर जोडूनच फिरतो. खिशात स्क्रूड्रायव्हर असतो.

"चालतो का गं, ड्युलसी?"

"सकाळपर्यंत चालत होता."

"मग कार्ड आणि वीजपेटी नेतो. बाकीचं राहू दे तुला."

"मला राहू द्यायचं असतं तर बाहेर काढलं असतं का, क्लेम?"

क्लेमने माझे कार्ड काढले, वीजपेटी पालीसकट काढली आणि शीळ वाजवत गेला. भूल नाही, सही नाही, काही नाही. मी एवढा हबकलो होतो की बंद असूनही मला घाम फुटल्यासारखे वाटले.

ट्रक गल्लीच्या तोंडाशी दिसला तेव्हाच टॅम्झिन शाळेतून सायकलवर आली. मला पाहून तिने सायकल सोडूनच दिली. सायकल एकटीच थोडी पुढे गेली आणि पडली.

"आजी! याला कुणी बाहेर काढलं?"

"मी. तुझा बाप हो म्हणाला."

"नुसतं हो, की हो-नाही?"

आजीचा चेहरा उतरला. "हो म्हणाला... आणि फोन गेला."

"आजी!"

तोवर ट्रक दाराशी आला होता. एक दाढीवाला खाली उतरला. टॅम्झिनने आत हात घालून माझी डिस्क आहे का पाहिले. होती. पण ती सोडवायला वेळ नव्हता, म्हणून पोरगी सरळ माझ्यावर बसली.

"ऊठ, पोरी. पट्टीवर आलं की ते नगरपालिकेचं."

"मग मी पण नगरपालिकेची. उचला."

आजी घरातून खुर्ची घेऊन आली आणि माझ्यापुढे मांडून बसली. "चूक माझी आहे. आधी मला चिरडा."

"आजीबाई, जड सामानाला वेगळा अर्ज लागतो," दाढीवाला म्हणाला.

तेवढ्यात आजीचा फोन वाजला. गार्थ होता. "आई, मघाशी फोन तुटला. मी सांगत होतो, हो, नाही, राहू दे तो. टॅमशी बोलल्याशिवाय हात लावू नकोस."

टॅम्झिनने फोन ओढून घेतला.

"बाबा, तुला फक्त तो पूल दिसतो! गावच्या डोंगरामागे कधी गेलायस तू? तिथे रान आहे. तू नसशील त्या प्रत्येक दिवशी मी एक झाड लावते. पाच वर्षं लावतेय. आणि तू म्हणतोस नवीन बांधू!"

ते रान मी रोज वाढताना पाहिले होते. पण ते तिच्या तोंडून मोठ्याने ऐकताना मीही चरकलो. फोन या वेळी तुटला नव्हता.

"टॅम," गार्थ म्हणाला, "तिथून उठू नकोस."

दाढीवाल्याने ट्रक बंद करायला लावला. घड्याळ पाहिले. "आमची चहाची सुट्टी," तो म्हणाला. "आल्यावर पट्टीवर जे दिसेल ते उचलणार." आणि दोन घरे पुढे जाऊन तो आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. आजीने आणि नातीने मला दोन्ही बाजूंनी धरून घरात आणले.

गुरुवारी गार्थ आला. त्याने मला उघडायची गरजच नव्हती. नुसता डोकावला. "अरे देवा! यात राहिलंय काय?"

"गाव," टॅम्झिन म्हणाली.

कन्सोलचा विषय पुन्हा निघाला नाही. गार्थ नवे कार्ड, नवी वीजपेटी आणि नवा मदरबोर्ड घेऊन आला. जोडण्यात घरच्या सातातले दोन दिवस गेले, पण या वेळी त्याने तक्रार केली नाही. मला जाग आली तेव्हा मी इतक्या झपाट्याने सुरू झालो की मीच दचकलो. हा मी, की दुसराच कुणी? अजून मला नक्की सांगता येत नाही. पण डोंगर जागेवर होता.

गार्थ गेममध्ये पहिल्यांदा डोंगरामागे गेला. झाडांमधून चालू लागला आणि चालतच राहिला. रान संपेना.

"मोजू नकोस, चुकशील," टॅम्झिन म्हणाली.

तो मोजत नव्हता. त्याने कुदळ घेतली, नदी ओलांडली आणि समोरच्या उतारावर एक झाड लावले. मग दुसरे. मग तिसरे.

"हे काय करतोयस?"

"खाणीवर तू नव्हतीस," गार्थ म्हणाला. "तेही दिवस तेवढेच होते."

टॅम्झिनने आपली खुर्ची त्याच्या खुर्चीला चिकटवली आणि एकेक रोप त्याच्या हाती देत राहिली. त्याचा आठवडा संपला, तरी त्याची रांग अर्ध्यावरही आली नव्हती.

तर मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. महिन्यातून एकदा यंत्राचा पंखा पुसा, मुंग्यांना आत येऊ देऊ नका. नवे आणायचे तर जरूर आणा, मी आडवा येणार नाही. पण जुन्यात तुम्ही काही जपून ठेवले असेल, तर ते घरच्यांना वेळेवर सांगा. मोठ्या माणसांना डोंगरामागचे आपणहून दिसत नाही. त्यांना हाताला धरून तिकडे न्यावे लागते.