लोकाग्रहास्तव

“मंग मागला साले रडना ते काय व्हतं?” ओट्यावरून हेमकांतकाका एवढ्या जोरात बोलले की आत खापरावर मांडा टाकणाऱ्या स्वप्नालीचा हात हलला आणि मांडा एका बाजूने दुमडला. “शाल काय, सत्कार काय. ‘हाऊ मन्हा शेवटला हंगाम,’ म्हने. माईकवर रडना मास्तर. आम्हीन बी रडनूत. येड्यात काढं आम्हले.”

“काका, आठे लिखेल शे,” भूपेशने मोबाइल पुढे धरला. “लोकाग्रहास्तव आनखी एक हंगाम. लोकच मांगतस, त मास्तर काय करी?”

भूपेशचं गल्लीच्या तोंडाशी किराण्याचं दुकान होतं, पण प्रकाशा गावात त्याला सगळे ओळखत ते सूर्यमुखी बँडच्या चाहत्यांचा ग्रुप चालवणारा म्हणून. करणसिंग मास्तरांचा हा बँड गेली तीस-पस्तीस वर्षं तापीकाठची लग्नं वाजवत आला होता. पुढच्या हंगामाच्या तारखा मास्तर दरवर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी त्या ग्रुपवर बुकिंगसाठी मोकळ्या करत; जो आधी लिहील त्याची तारीख. आज आखाजी होती. सासुरवाशिणी माहेरी आल्या होत्या, निंबांना झोके बांधले होते, आणि बापेमाणसं मोबाइलला डोळे लावून बसली होती.

“लोक मांगतस म्हने,” काका ऐकणाऱ्यातले नव्हते. “निम्म्या तारखा सुरतले. उधनाले हॉल, एसी, खुर्च्या. आनि गास कोन? पेन ड्राइव्ह गास. मास्तर नुसतं तोंड हालावस.”

“सुरतले बी आपलाच लोक शेतस, काका.”

“मंग तठेच ऱ्हाय म्हना.”

स्वप्नालीचे वडील, रतिलालनाना, इतका वेळ गप्प होते. नळयोजनेवर व्हॉल्व्ह फिरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. कुणी त्यांना कशात विचारलं नाही, त्यांनीही कुणाला विचारलं नाही. पण सूर्यमुखीच्या गाडीपुढे नाचताना हाच माणूस वेगळा दिसायचा. मास्तर त्यांना नावाने हाक मारत. गावात एवढाच काय तो त्यांचा मान.

“हालावू दे ना तोंड,” नाना म्हणाले. “मास्तर उभा ऱ्हायना म्हंजे बस. भूपेश, डिसेंबरनी एक तारीख मन्हा नाववर टाकी दे. काजलना लगीननी.” भूपेशने लगेच ग्रुपवर टाकली.

आत स्वप्नालीचा हात थांबला. काजल तिची धाकटी बहीण, अजून कॉलेजात. अंगाची लाही लाही होणं म्हणजे काय, ते तिला चुलीपुढे बसूनही आजवर कळलं नव्हतं, ते आत्ता कळलं. तिने आईकडे पाहिलं. कौसाबाई खाली मान घालून पुरण घोटत होती. मागच्या वर्षीही ती अशीच पुरण घोटत होती.

मागच्या वर्षी मास्तरांनी शेवटचा हंगाम जाहीर केला आणि नानांनी असलं नसलं वजन वापरून एक तारीख मिळवली. तारीख आधी आली. मग मुलगा शोधला. मग गुरुजींना गाठून त्या तारखेत काढीव मुहूर्त बसवला. स्वप्नाली तेव्हा नंदुरबारला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा तोंडावर आली होती. “लगीन व्हयनावर दे ना परीक्षा, कोन नही म्हनस,” नाना म्हणाले. सासरचेही तेच म्हणाले. लग्नानंतर त्या परीक्षेचं नाव कुणी काढलं नाही. तिने काढलं, तेव्हा सासू म्हणाली, आता घरात एवढी कामं, परीक्षा कसली.

हेही तिने गिळलं असतं. पाठवणीच्या वेळचं मात्र गिळता येत नव्हतं. ती गाडीत बसायची थांबली होती आणि नाना सापडत नव्हते. शोधायला माणूस गेला, तर नाना बँडच्या गाडीपाशी मास्तरांच्या गळ्यात हार घालून ढसाढसा रडत होते. ते आले तोवर त्यांचं रडून झालं होतं. तिच्या डोक्यावर हात ठेवला तो कोरड्या डोळ्यांनी.

पिठाने भरलेल्या हातांनीच ती ओट्यावर आली.

“नाना, काजलना पोऱ्या कोनता?”

“भेटी जाई. पोरे कितलाक शेतस. तारीख भेटाव नही.”

“तिनं कॉलेज?”

“तुले काय करनं? जाय, मांडा टाक.” मग लोक आहेत हे लक्षात येऊन नाना जरा नरमले. “तुन्हं काय वाईट व्हयनं, बेटा? चांगलं घर शे. आखा गाव सांगस आजून, लगीन व्हवो त रतिलालना पोरना सारखं.”

“ते मन्हं लगीन नव्हतं, नाना,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तो मास्तरना निरोप समारंभ व्हता. मन्हं लगीन तुम्हीन त्याले लाई दिधं. आनि मास्तर त गयाच नही. परत येई ऱ्हायना. मी कशी परत जाऊ नंदुरबारले?”

हेमकांतकाका खाली बघू लागले. इतका वेळ मास्तरांवर आग पाखडणारा हा माणूस त्या लग्नात सगळ्यांत पुढे नाचला होता.

“भूपेशभाऊ,” ती म्हणाली, “तारीख सोडी, अस लिही दे.”

भूपेशने नानांकडे पाहिलं. नाना संतापले होते, लाजलेही होते. तेवढ्यात दारात कौसाबाई आली. हातात पुरणाचा डाव तसाच होता.

“लिही दे, भूपेश. काजल पह्यले शिकी,” ती म्हणाली. “मागला साले मी काही बोलनू नही. ते मालेच झोपू देत नही.”

नाना उठले, चप्पल शोधू लागले, सापडली तरी घातली नाही, पुन्हा बसले. भूपेशने लिहिलं.

त्याने मोबाइल खाली ठेवायच्या आत तो वाजला. नवल नावाच्या कुणीतरी ती तारीख घेतलीसुद्धा. भूपेशने सवयीने मोठ्याने वाचलं, “‘घी लिधी. पक्की.’” खाली कुणीतरी विचारलं होतं, लग्न कुणाचं. त्यावर नवलचं उत्तर आलं. भूपेश ते वाचता वाचता हळू झाला. “‘लगीन कोनं, ते मंग ठरावसूत.’”



घरातून करपल्याचा वास आला. खापरावरचा मांडा काळा झाला होता. स्वप्नालीने तो काढला, हात धुतले आणि मागल्या दाराने परसात गेली. निंबाखाली झोक्यावर काजल पुस्तक घेऊन बसली होती. तिला सगळं ऐकू आलं होतं. तिने सरकून जागा केली. स्वप्नाली बसली. दोन दिवसांनी तिला सासरी परतायचं होतं, आणि तिथे काहीच बदललेलं नसणार होतं.

शेजारच्या घरात कुणीतरी आनंदाच्या भरात मास्तरांचं जुनं गाणं लावलं. आवाज अजून तरुण असतानाचं. लहानपणी नानांच्या खांद्यावर बसून तिने ते पहिल्यांदा ऐकलं होतं. तिचा पाय जमिनीवर ठेका धरू लागला. जरा वेळाने तिच्या ते लक्षात आलं. तिने दोन्ही पाय वर उचलून घेतले, आणि झोका हलला.