न्हाणीतला दांडा

न्हाणीतला आधाराचा दांडा रंगनाथरावांच्या हातात होता, पण भिंतीत नव्हता. त्यामुळे रंगनाथराव बादलीत बसले. त्यांना काही झालं नाही. बादली मात्र जागीच गेली.

दांडा त्यांच्या मुलाने, सुनीलने, स्वतः बसवला होता. मोबाईलवर व्हिडिओ बघून. लोखंडी पाइप, वरून निळ्या ऑइलपेंटचे दोन हात. पण पारनेर तालुक्यातल्या त्यांच्या वस्तीवरचं बोअरचं पाणी इतकं खारं, की त्यात तूरडाळसुद्धा शिजायला कुरकुर करते. तिथे रंगाचं काय चालणार? वर्षभरात आतून गंज फुगला आणि दांड्याने भिंत सोडली.

गेल्या साली रंगनाथरावांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. आता बरेच सुधारले होते, पण ओल्या फरशीवर उभं राहायला काहीतरी धरायला लागायचं. दांडा गेल्यापासून ते काहीतरी म्हणजे सुनील. तो तांब्याने पाणी घालायचा आणि छताकडे बघायचा. वडील भिंतीकडे बघायचे. दोघंही दुधाच्या फॅटवर बोलायचे, कारण सुनील दूध संकलन केंद्रावर कामाला होता आणि दुसरा सभ्य विषय सापडत नव्हता.

एकदा पाठीला साबण लागत असताना रंगनाथराव म्हणाले, "सुन्या, मला एकट्यानं आंगुळ करायचीय. मेल्यावर चार जन घालनारच हायेत. तवर तरी माझी मला करू दे."

त्या दिवशी फॅटचा विषय निघाला नाही.

सुनीलने ठरवलं, आता दांडा स्टीलचा. स्टील ओळखायचं कसं, हे शेंबडं पोरही सांगतं: चुंबक चिकटला तर खोटं, नाही चिकटला तर अस्सल. त्याने जुन्या स्पीकरमधला चुंबक उपसला, नगरला दुकानात जाऊन पाइपला लावला. चिकटला नाही. नमुन्याला एक तुकडा घेऊन तो घरी आला.

इथेच थांबायला हवं होतं. पण हातात चुंबक असलेला माणूस थांबत नाही. तो स्वयंपाकघरात शिरला. फळीवरच्या सगळ्यात मोठ्या पातेल्याला चुंबक खाडकन बसला. पातेल्यावर नाव कोरलेलं होतं: 'चि. सुनील यांस आत्या सौ. पुष्पावती यांजकडून सप्रेम भेट.'

"बघितलं?" सुनीलची आई छबूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "लग्नात लोखंड दिलं माझ्या लेकाला! सख्खी आत्या म्हनं!"

"त्यातच तर भात शिजवती तू," रंगनाथरावांनी बहिणीची बाजू घेतली.

"भात माझा हाय. पातेलं तुमच्या बहिनीचं."

दुपारी चुंबक वस्तीवर फिरायला गेला. ज्याने त्याने आपला आहेर तपासला. गोजरबाईंच्या विहिणीची परात चिकटली. त्यांनी ती ओसरीवर नाव दिसेल अशी उभी केली, विहीणबाई येतील तेव्हा वाचतील म्हणून. कानिफनाथने सासऱ्याला फोन लावला, "तुमचा डबा चिकटतोय," एवढंच म्हणाला आणि ठेवून दिला. चुंबक दिवेलागणीला परत आला. नाती काही आली नाहीत.

सुनीलची बायको रेश्मा हे सगळं भाकरी थापत ऐकत होती.

"चुंबकाला कुठं आंगुळ करायचीय?" ती म्हणाली.

"म्हंजे?"

"जे न्हानीत ऱ्हानार हाय, ते न्हानीत ठिवून बघा की."

मग न्हाणीत सुतळी बांधली गेली. तिला लोखंडाचा तुकडा, जस्ताचा मुलामा दिलेला तुकडा, नगरचा पास झालेला तुकडा आणि पुष्पावतीबाईंच्या पातेल्याचं झाकण. झाकण छबूबाईंच्या आग्रहाखातर. "पडू दे उघडं," त्या म्हणाल्या.

रंगनाथराव रोज आधी धातूंना आंघोळ घालायचे, मग स्वतःला घालून घ्यायचे. बापलेकांना एकदम बोलायला विषय मिळाला.

"लोखंड गेलं रे."

"इतक्यात?"

"बिचारं आलं तवाच थकलेलं हुतं."

काही आठवड्यांनी जस्तवाला तुकडा कापलेल्या टोकाकडून तांबडा व्हायला लागला. नगरच्या तुकड्यावर चहा सांडल्यासारखे डाग उमटले. आणि झाकण? झाकणात रंगनाथरावांना स्वतःचं तोंड दिसलं. दाढी वाढली होती.

छबूबाईंनी झाकण उलटसुलट करून पाहिलं. मग भिंगारला नणंदेला फोन लावला.

"वन्सं, सहजच केला. तुमचं पातेलं लई चांगलं हाय."

"लग्नाला बारा वर्षं झाली, वहिनी. आज कसं काय?"

"आज धुतलं."

दुसऱ्या दिवशी केंद्रावर सुनील नेहमीप्रमाणे दुधाच्या टाकीवर कोपर टेकून गंजाचा विचार करत होता. ही टाकीसुद्धा रोज खाऱ्या पाण्यानेच धुतली जायची आणि लखलखीत होती. कोपर उचललं तर खालच्या पट्टीवर स्टीलची जात लिहिली होती, 'एसएस ३०४'. कोपर गेली चार वर्षं तिथेच होतं.

तो पुन्हा नगरला गेला. दुकानदार म्हणाला, "मागचा पाइप दोनशे दोनचा. तोबी स्टीलच, तोबी चिकटत न्हाई, पन निकेल कमी, म्हनून खाऱ्या पान्यात डागळतो. न्हानीला तीनशे चार घ्यायला पायजे."

"मग तवाच का न्हाई सांगितलं?"

"तुमी चुंबक घेऊन आल्ता. मला वाटलं, मानसाला सगळं म्हाईत हाय."

घरी सुनीलने भिंतीला भोकं पाडली, नवा दांडा टेकवला आणि जुन्या डबीतले स्क्रू काढले. स्टुलावर बसलेल्या रंगनाथरावांनी हात वर केला.

"हे कशाचे?"

"असंच, घरातले. चांगले हायेत आबा."

"बैल खिलारी घ्यायचा आन् जू पपईच्या लाकडाचं करायचं व्हय?"

सुनीलने एक स्क्रू उलटा करून पाहिला. डोक्याखाली तांबूस कड आली होती. तो पारनेरची एसटी पकडून गेला आणि स्क्रूसुद्धा तीनशे चारचे घेऊन आला.

दांडा बसला. आधी सुनील लोंबकळला. मग कानिफनाथला बोलावलं, कारण वस्तीवर त्याच्याइतकं वजन फक्त बैलांचं होतं. दांडा हलला नाही. सुतळीवरचं झाकण तेवढं किणकिणलं.

रंगनाथरावांनी उजव्या हाताने दांडा धरला. मग डावा हात हळूहळू वर आणला. बोटं एकेक करून वळली. ते उभे राहिले, आणि थोडा वेळ नुसतेच उभे राहिले.

"भाईर व्हा समदे."

आतून कडी लागली. बाहेर कुणी जागचं हललं नाही. पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. सुनीलचा हात दाराकडे गेला.

"आबा?"

"काय हाय?"

"काय न्हाई."

"मंग कामाला जावा की. वऱ्हाड आलंय का हितं?"

पुन्हा पाणी पडलं. आणखी एकदा. मग पडतच राहिलं, चांगलं दणक्यात. सुनील दाराला पाठ लावून तिथेच खाली बसला आणि उगाचच हसायला लागला.

"अवो," छबूबाई ओरडल्या, "टाकीतलं समदं पानी सपवता का काय?"

"व्हय," आतून उत्तर आलं.