मधात कोणी नको

“सांग तुझ्या मायले, पल्याडचं वावर यंदा मी करतो,” मोठेबाबा म्हणाले.

आई तिथेच होती. चार हातांवर, दाराच्या चौकटीला टेकून, लाल दुपट्टा कपाळापर्यंत ओढून. मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, बापूजी. ते आमच्या अंगणातल्या खाटेवर बसले होते आणि आईचं नाव न घेता माझ्याकडे बघून बोलत होते. आमच्यात बाई भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, तोंडानं बोलत नाही. अठरा वर्षांत आई त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आधी निरोप बाबांच्या मार्फत जायचे. बाबा सूरजागडकडे खाणीच्या ट्रकवर लागले, तेव्हापासून माझ्या मार्फत.

“सांग त्याईले,” आई हळू म्हणाली, “वावर माहं हाय. मीच करीन.”

मी सांगितलं. दोघांनीही ऐकलेलं होतं, तरी सांगितलं.

“अन वाघीण आली त सांगून येईल का?” मोठेबाबांनी मलाच विचारलं, जणू वाघीण माझ्या वर्गात होती.

ही मार्चमधली गोष्ट. आमचं गाव सिंदेवाहीपासून फार लांब नाही. गावाला लागून मोठा तलाव, तलावाच्या पल्याड आईचं तीन एकर धानाचं वावर. तिच्या वडिलांनी तिला दिलेलं, सातबाऱ्यावर तिचं एकटीचं नाव. आमच्या घरून तिकडे जाणारी वाट सागाच्या जंगलपट्ट्यातून जाते. वावराच्या टोकाला बोडी आहे, छोटंसं तळं, आणि त्या बोडीवर दोन पिल्लांच्या वाघिणीनं कोणाचातरी बैल पाडला. गावानं ठरवलं, पल्याड एकट्यानं जायचं नाही. रोवणीला बाया घोळक्यानं जातात, ते ठीक. पण धानाला रोज पाणी बघावं लागतं, बांधीचे धुरे, म्हणजे मातीचे बांध, फुटले का ते बघावं लागतं, आणि रोज कोण वीस बाया गोळा करणार? म्हणजे वावर मोठेबाबांच्या हाती जाणार हे सरळ दिसत होतं. एकदा त्यांच्या ट्रॅक्टरखाली गेलं की परत मागायला तोंड लागतं. आणि त्यांच्यापुढे आईला तोंडच नव्हतं.

मी त्या वर्षी नववीत होते आणि नुकतीच तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात माइक हातात घेऊन पाच मिनिटं बोलून आले होते. बक्षीस नाही मिळालं, पण त्यानंतर मला कोणाचीच भीती वाटेना. मी गडचांदूरच्या मामाला फोन लावला. प्रवीणमामा गोदामांवर कॅमेरे बसवतो. मी त्याला म्हटलं, आईला निघण्याआधी घरी बसून बोडी दिसली पाहिजे, बस.

मामा म्हणाला, सिमचा कॅमेरा लाव. मी म्हटलं, पल्याड मोबाइलची एक काडी येत नाही. तेव्हा तो एप्रिलच्या सुट्टीत एका गोदामावरून निघालेल्या दोन पांढऱ्या पेट्या घेऊन आला. साबणाच्या मोठ्या डब्याएवढ्या. एक पेटी वावरात, खांबावर, कॅमेऱ्याखाली. तिला वीज कुंपणाच्या झटका मशीनच्या सोलरवरून. दुसरी आमच्या घरकुलाच्या छतावर, वायफायला जोडलेली. तार नाहीच. कॅमेऱ्याचं चित्र या पेटीतून त्या पेटीत हवेतून येतं.

“फक्त दोघींनी एकमेकींचं तोंड पायलं पायजे,” मामा म्हणाला. “मधात कोणी नको.”

मधात सागाचे नुसते खांब होते. एप्रिलमधला साग तो, एक पान नाही. काड्यांमधून पल्याडचा खांब दिसत होता. चित्र इतकं स्वच्छ आलं की बोडीवरचा बगळा मान वळवताना दिसला.

मग आईचा दिवस असा सुरू व्हायला लागला. सकाळी काळा चहा, माझा मोबाइल, बोडी. रिकामी असली की ती फावडं घेऊन निघायची. एका सकाळी वाघीण पाणी पीत होती. आईनं मोबाइल मांडीवर ठेवला आणि सगळं बघितलं. “पी बाई,” ती पडद्याला म्हणाली, “तुह्यं झालं की मंग मी येते.” पाऊण तासानं बोडी रिकामी झाली, आणखी अर्ध्या तासानं आई गेली. मी शाळेत हे सगळ्यांना सांगितलं, दोन-तीनदा.

जून संपता संपता चित्र अडकायला लागलं. आधी बगळा अर्धाच दिसायचा, मग चौकोन चौकोन, मग नुसता काळा पडदा. मी पेटी पुसली, वायरी काढून घातल्या, बंद-चालू केली. मामाला फोन केला, तो म्हणाला मधात काही आलं असेल. मी छतावर चढून बघितलं आणि कपाळावर हात मारला. सागाला पानं फुटली होती. सुपाएवढाली, ओली, एकावर एक. मामाचं ठीक आहे, त्याच्याकडे मधात भिंती येतात. पण आम्ही जन्मभर सागाखालून चालणारी माणसं, आणि सागाला पानं येतात हेच विसरलो.

मोठेबाबा दुसऱ्याच दिवशी आले. “सांग मायले,” ते खाटेवर बसत म्हणाले, “झाला टीव्ही पाहून. आठ दिवसांत माहा ट्रॅक्टर जाईल पल्याड.”

 आईचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तयार होते, हिरवेगार, रोवणीला आलेले. त्या दिवशी ती पडद्यावर बोडी न बघता एकटीच पल्याड जाऊन आली. परत येईपर्यंत मी दारात उभी होते. आल्यावर मी तिच्यावर ओरडले, आणि तिनं मला ओरडू दिलं.

झाडं तोडायची तर जंगल खात्याची. पेटी उंच करायची तर आमचं घरकुल बुटकं. मोठीमायनं, म्हणजे मोठेबाबांच्या बायकोनं, इंदुताईनं, मला एके दिवशी कपडे काढायला त्यांच्या स्लॅबवर पाठवलं. त्यांचं घर अगदी तलावाच्या काठावर. मी दोरीवरची चादर ओढली आणि तिच्यामागे तलाव होता, नुसतं पाणी, आणि पाण्याच्या पल्याड काहीतरी चमकलं. आमचं सोलर. खांबासकट. मधात एक पान नाही. वायफायसुद्धा त्या घरात होतंच, मोठीमायच्या मालिकांसाठी.

घरी येऊन सांगितलं तेव्हा आई तांदूळ धूत होती. तिनं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, “चाल.”

मला वाटलं, मी विचारायचं. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. आई नेहमी त्या घरात मागच्या दारानं जाते. त्या दिवशी समोरून गेली. मोठेबाबा ओसरीत, मोठीमाय सुपात धान पाखडत.

“काय म्हणते तुही माय?” मोठेबाबांनी मला विचारलं.

मी तोंड उघडलं. आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला बाजूला केलं.

“भाऊजी,” ती म्हणाली.

मोठीमायचं सूप थांबलं.

“हा स्लॅब टाकला तवा ही पोरगी पोटात होती. गिट्टीचे टोपले मी वाह्यले, याच जिन्यानं, सकाळपासून दिवा लागेपर्यंत. वाटणीच्या वक्ती काई मागतलं नाई. आता एक कोपरा पायजे. हातभर.”

 मोठेबाबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“सांग तिले, का...”

मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. माझ्यासाठी गप्प राहणं किती कठीण आहे ते शाळेतल्या बाईंना विचारा.

“तिले काऊन सांगता?” आई म्हणाली. “मी इथीच उभी हाय.”

 मग मोठीमायनं सूप पुन्हा हलवायला घेतलं आणि सुपाकडेच बघत मला म्हणाली, “चंचल, जिन्यावर सरपण ठेवलं हाय. बाजूला करजो, तुह्या मायचा पाय अडकन.”

मोठेबाबा हो म्हणाले नाहीत. नाहीसुद्धा म्हणाले नाहीत.

रोवणीच्या दिवशी आई वीस बायांसोबत पल्याड गेली, गात, डबे वाजवत. ट्रॅक्टर गेला नव्हता. चिखलणी तिनं मंगलीकाकूच्या बैलजोडीनं करून घेतली होती. इकडची पेटी मी स्लॅबवर बांधली होती, आता वावरातली पेटी सागाकडून वळवून तलावाकडे करायची होती. फोन लागत नाही, म्हणून खुणा ठरल्या. आई फिरवायला लागली की लाल कापड वर करणार. चित्र आलं की मी पांढरी चादर हलवणार.

पाण्याच्या पल्याड बांबूवर लाल काहीतरी वर चढलं. मी मोबाइलकडे बघत राहिले. काळं. काळं. चौकोन. मग एकदम खूप मोठं, घामाळलेलं आईचं कपाळ. मी चादर अशी हलवली की खाली रस्त्यावरचे लोक थांबले. आई स्टुलावरून उतरून मागे झाली तेव्हा मला दिसलं की तिचं डोकं उघडं आहे. बांबूवरचं लाल कापड म्हणजे तिचा दुपट्टा होता.

जिन्यावर धापा टाकल्याचा आवाज आला. मोठेबाबा वर आले. काही न बोलता त्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. बाया ओळीनं वाकून रोवत होत्या, आई मधोमध. त्यांनी बोट लांब केलं.

“खालचा धुरा पाय. पानी जाऊन राह्यलं. सांग तिले.”

“कॅमेऱ्याले भोंगा हाय, मोठेबाबा,” मी म्हटलं. “हे बटन दाबा. तुमीच सांगा.”

त्यांनी दोनदा घसा साफ केला. टोपी सारखी केली, जणू समोर कोणी उभं होतं.

“प्रेमिला,” ते म्हणाले. “खालच्या धुऱ्यातून पानी जाऊन राह्यलं.”

पल्याड वीस बाया एकदम सरळ झाल्या, हातात पऱ्ह्यांच्या जुड्या तशाच. सगळ्या आईकडे बघायला लागल्या. दोघी-तिघींचे हात आपोआप डोक्यावरच्या कपड्याकडे गेले. आईचा हात गेला नाही. ती फावडं घेऊन खालच्या धुऱ्यावर गेली, चिखल ओढला, फट बुजवली, वरून टाचेनं दाबली. मग खांबापाशी आली आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं.

“दिसलं होतं मले, भाऊजी,” मोबाइलमधून तिचा आवाज आला. “हातातली जुडी झाली का जानारच होती.”

आणि पाठ करून आपल्या ओळीत जाऊन वाकली.

मोठेबाबांनी मोबाइल परत दिला नाही. दोन्ही हातांत धरून तसेच उभे राहिले. मी दोरीवर चादर पुन्हा वाळत घातली. पल्याड बांबूवर दुपट्टा फडफडत होता. संध्याकाळी बाया परत आल्या तेव्हाही तो तिथेच होता.