नागिणीचा उतारा

आम्हा किओ घराण्यातल्यांचं रक्त चोळलं की नागीण उतरते, हे अख्ख्या गॉलवे परगण्याला ठाऊक. मागेल त्याला मी बोट टोचून देतो. अट एकच, आभार मानायचे नाहीत. मानले की नागीण परत उठते.

फेस्टस टार्पीच्या कमरेला नागीण झाली, पण माझ्यापुढे हात पसरायची त्याला लाज. गुरांच्या बाजारात त्यानं ठोसा मारून माझं नाक फोडलं आणि ते रक्त कमरेला फासलं.

"मागितलं नाही हां, घेतलं," तो म्हणाला.

तो बरा झाल्यावर मी त्याला चर्चच्या दारात आडवा पाडला, छातीवर गुडघा रोवला आणि खांदा निखळेपर्यंत हात पिरगाळला.

"सोड बाबा, काय पाहिजे तुला?" तो रडत म्हणाला.

"काही नको. नुसते आभार मान."