उजवं पाऊल

नागपूरच्या बदलीचा हुकूम आला आणि पाठोपाठ श्यामकांतांचं उजवं पाऊल लुळं पडलं. शकुनला वाटलं, यात कुठंतरी पाणी मुरतंय. नागपुरात तिची आई अंथरुणाला खिळलेली, कधी एकदा जाते असं तिला झालेलं. नवऱ्याचा जीव मात्र इथल्या मैदानावरच्या फुटबॉलमध्ये आणि बागबाजारातल्या गप्पांच्या अड्ड्यात. डॉक्टरचा दाखला जोडला की बदली रद्द होते, हे सरकारी अधिकाऱ्याला कुणी शिकवायला नको!

ती दाराआडून बघायची. ते एकटे असले तरी चप्पल गळून पडायची. पण झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण करणार?

डॉक्टर लाहिरी बंगाली, तेही त्याच अड्ड्यावरले, म्हणून ती मुद्दाम बरोबर गेली. ना यंत्र, ना सुई. पावलाला नुसता हात लावून ते म्हणत, "दाबा. आता वर उचला. माझा हात बाहेर ढकला." ही कसली तपासणी? दोघांचं आधीच ठरलंय, असं तिच्या मनानं घेतलं.

शेवटी तिनं हिंदीत विचारलंच, "डॉक्टरसाहेब, हे खरंच आहे ना?"

लाहिरी रागावले नाहीत. "सोंग करणारा सगळा पाय ढिला सोडतो, वहिनी. यांना पाऊल खाली दाबायला, आत वळवायला चांगला जोर आहे. फक्त वर उचलता येत नाही, बाहेर वळवता येत नाही. गुडघ्याजवळची एक नस दबली की नेमकं एवढंच होतं. सोंगाड्याला हे कुठून जमणार?" मग श्यामकांतांकडे वळून म्हणाले, "फार वेळ उकिडवे बसला होता का?"

श्यामकांत ओशाळले. "अगं, तू निरोप घ्यायला गेली होतीस ना, त्या रविवारी. हमाल तुझ्या बरण्या फोडतील म्हणून सगळ्या पेट्या मीच भरल्या."

भरलेल्या पेट्या शकुननं पाहिल्या होत्या. हमालांकडून उरकून घेतल्या असतील म्हणून नवऱ्याच्या नावानं बोटंही मोडली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बरं होईल, पण वेळ लागेल," लाहिरी म्हणाले. "दाखला लिहितो. बदली थांबेल."

"नको," श्यामकांत म्हणाले. "हिची आई वाट बघतेय."

हे सोंगच असतं तर किती बरं झालं असतं, असं शकुनला वाटलं. निदान त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं.